सेन्सरला लागलेला पोळ्याचा रंग

गाडीच्या पोटाखाली धुराच्या पाइपात अंगठ्याएवढा एक तुकडा बसवलेला असतो. त्याला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. इंजनानं पेट्रोल नीट जाळलं का कच्चंच बाहेर टाकलं, हे तो धूर हुंगून सांगतो. माझ्या गाडीत असे दोन आहेत. एक इंजनाजवळ, दुसरा मागं, माणसं बसतात त्या जागेच्या खाली. सत्तरी उलटेपर्यंत मला हे बिलकुल मालूम नव्हतं. मी सातवी नापास माणूस. ह्या श्रावणात कळलं, कारण मागचा सेन्सर बिघडला अन् काही केल्या निघंना. त्याला काढता काढता माझे पंधरा दिवस गेले, बोटांची सालटी गेली अन् माझ्या मेव्हण्याचं एक चांगलं धोतर गेलं.

बायको पौषात गेली. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी विचारायचं न्हाई.

ही गाडी तिच्या गुडघ्यांपायी घेतली होती. मी जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात चिमटा धरून लाल लोखंड फिरवत आलो, जवळजवळ सगळी उमर. काम सुटल्यावर आम्ही दोघं परत टेंभुर्णीला आलो, थोडी शेती अन् एक बैलजोडी होती. तिला मोटारसायकलीवर बसता येईना झालं. म्हाताऱ्या माणसाला बैलामागं पळवत न्हाई. मंग बैल विकले अन् एक जुनी गाडी आणली. बैल गेले त्या दिवशी ती जेवली न्हाई. गाडी आली त्या दिवशीही जेवली न्हाई. तिसऱ्या दिवशी दारात उभ्या गाडीला म्हणाली, "आता तूच आमचा बैल." मला वाटलं, चेष्टा करून राह्यली. ती चेष्टा करत नव्हती.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या सांजेला पाहतो तर ही वाटीत हळद-तूप कालवून गाडीच्या बोनेटला चोळायली. आमच्यात खांदेमळणी म्हणतात त्याला, बैलाचे खांदे चोळायचे असतात. चोळता चोळता म्हणत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." गाडीला! मी म्हणालो, "अगं, शेजारी हसतेत."

"हसू द्या. त्यायच्या दारात काय हाय? ट्रॅक्टर. त्याला कुणी आवतन बी देईना."

सकाळी गाडी धुतली. झेंडूची माळ घातली. मंग प्रश्न आला शिंगाचा. पोळ्याला शिंगं रंगवल्याबिगर कसं व्हायचं? तिनं आधी बाजूचे दोन आरसे धरले. मी म्हणालो, "ते रंगवलेस तर मागचं दिसायचं न्हाई, मरू आपण." मंग ती गाडीला फेरी मारून मागं गेली अन् सायलेन्सरच्या टोकाशी बसली.

"हे हाय की."

"ते शिंग न्हाई. बैलाच्या दुसऱ्या टोकाचं काम करतंय ते."

"तुमच्या तोंडाला काही हाड न्हाई," ती म्हणाली अन् हिंगूळ लावायला घेतला. हिंगूळ म्हणजे शिंगाचा लाल रंग. नैवेद्याची पुरणपोळी बंपरपुढं ठेवली. तेवढी मीच खाल्ली, बैलाच्या वतीनं.

मंग दर पोळ्याला हेच. पहिल्या साली नुसतं टोक रंगवलं. दुसऱ्या साली तिनं विचारलं, "ही नळी पुढं कुठवर जाती?" मी म्हणालो, "पार इंजनापर्यंत." सांगायला नको होतं. मंग ती गोणपाट अंथरून बाजूनं आडवी व्हायची, ज्वारीच्या धांड्याला चिंधी बांधायची, अन् गाडीखाली हात घालून जिथवर पोचंल तिथवर रंगवायची. गुडघे दुखायचे तिचे, हात न्हाई. उठवायला मात्र मलाच लागायचं. मी उठवताना ओरडायची, "हळू! मी काय सळई हाय व्हय?"

मागच्या दिवाळीच्या आसपास गाडीच्या काट्यांजवळ एक पिवळा दिवा लागला. तेव्हा आमच्या जालन्याच्या दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या होत्या. ती मागं पडून असायची. तिथून तिला तो दिवा दिसायचा. "अहो, दिवा लागलाय." मी म्हणायचो, "लागू दे, चालती न गाडी." चालत होती. दिव्याकडं पाहायला आम्हाला टाइम कुठं होता. शेवटी तिला घरी आणली तीही ह्याच गाडीतून. पोरगा मागं बसला होता, तिचं डोकं मांडीवर घेऊन. मी पुढं. तो दिवा सगळ्या वाटंभर माझ्यापुढं लागलेला. मला त्याच्याशिवाय दुसरं काही दिसलं न्हाई, असं म्हटलं तरी चालंल.

पोरगा जालन्यात राहतो, स्टेशनच्या बाजूला. बियाणे कंपनीत कामाला आहे. श्रावण लागला तसा त्याचा फोन आला.

"आबा, गाडीला पंधरा वर्षं व्हायली. परत पासिंग करावं लागन. धुराचा कागद बी मिळायचा न्हाई, मागनं काळा धूर मारायली ती. भंगारात देऊन टाकू."

"भंगारात तुझा बाप घाल आधी."

"तसं न्हाई आबा."

"मंग कसं?"

तो म्हणाला, "मला त्या मागच्या सीटकडं पाहवत न्हाई." मी म्हणालो, "पोळ्यापर्यंत थांब. दिवा विझला अन् धुराचा कागद मिळाला तर गाडी राहीन. न्हाई मिळाला तर तू म्हणशील तसं." तो म्हणाला, "बराबर." बोलून बसलो खरा. तिची लुगडी मी वाटून टाकली, तिची खाट माळ्यावर टाकली, मला काही झालं न्हाई. पण गाडी गेली असती तर माझ्यानं सहन झालं नसतं. कामून ते विचारू नका.

गावातल्या गॅरेजवाल्याकडं गाडी नेली. माणूस भला आहे, पण तोंडानं फटकळ, म्हणून आमचं जमतं. त्यानं एक डबी जोडून पाहिली अन् म्हणाला, "मामा, मागचा सेन्सर गेलाय. पुढचाबी थकलाय. दोन्ही बदला." पुढचा त्यानं इंजन गरम असतानाच काढला, दोन मिनिटांत, शहाणा पाव्हणा उठून जावा तसा. त्या जागी नवा बसवलाही. मागच्याला पाना लावला तर तो हलंना. वर चढून जोर लावला, तरी न्हाई. मंग त्यानं खाली बॅटरी मारून पाहिलं.

"मामा, हितं रंग कोण्या येड्यानं लावला?"

"माझ्या बायकोनं," मी म्हणालो.

त्याचं तोंड उतरलं. मयतीला आल्ता तो. हळू म्हणाला, "मामा, ह्याला वायरीकडून बाहेरची हवा घ्यावी लागती. बाहेरची हवा अन् आतला धूर ह्याचा मेळ लावून तो सांगत असतो. रंगानं नाक बंद झालंय ह्याचं. अन् तोच रंग आट्यात जाऊन जळून बसलाय, चिकट झालाय निस्ता. जोर लावला तर पाइपाचे आटे जातील. पाइपासकट कापावा लागन, अन् हा पाइप आता मिळना कुठं."

"कापायचा न्हाई."

"मंग घरी न्या अन् रोज थोडं थोडं करा. माझ्यापाशी एवढा टाइम न्हाई." त्यानं मला बाजूला चीर असलेला एक पाना दिला, वायर तशीच ठेवून सेन्सरला घालता येईल असा. गंज सोडवायच्या तेलाचा फवारा दिला. मागचा नवा सेन्सरही मागवून दिला.

घरी येऊन पोराला फोन केला. त्यानं विचारलं तसं सांगितलं, "तुझ्या आईनं पोळ्याला रंग लावल्ता ना, त्याच्यानं अडकलाय." तो हसला. पौषानंतर पहिल्यांदा हसला.

मंग आमचा मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, गावातच राहतो, मेंढरं राखून म्हातारा झालेला. तिच्या माघारी रोज सकाळी येऊन बसतो, चहा पितो, माझ्यावर टीका करतो अन् जातो. गाडीखाली चाकांना लाकडाचे ओंडके लावून मी आत घुसलेला. बाहेर त्याचे पाय दिसायले.

"दाजी, तुमचे निस्ते पाय बाहेर. मला वाटलं गेलात."

"तुझ्या आधी न्हाई जायचो."

फवाऱ्याचं तेल दोन दिवसांत संपलं. सेन्सर जागचा हलंना. मेव्हणा म्हणाला, "हे कंपनीचं पाणी कशाला मारायलेत? करडीचं तेल घाला. बैलगाडीच्या आसाला काय घालायचो आपण? करडीचंच ना?" खोटं न्हाई म्हणाला तो. आमच्याकडं करडीच्या तेलानं न होणारं काम न्हाई. डोक्याला तेच, गुडघ्याला तेच, भाजीलाही तेच. मी वाटीभर घातलं. तो म्हणाला, "आता गाडी चालू करा, गरम होऊन आत मुरन." चालू केली. आधी वास आला. मंग धूर. मंग सगळ्या गल्लीला भजे तळल्यावानी वास सुटला. समोरच्या घरची सूनबाई दारात येऊन म्हणाली, "आबा, आज काय हाय? आम्हाला बी द्या की."

मेव्हण्यानं गडबडीत धोतराच्या सोग्यानं गरम पाइप पुसायला घेतला. ते तिथंच जळून चिकटलं. त्यानं हिसका मारला तर अर्धं धोतर गाडीला राहिलं.

गॅरेजवाला येऊन पाहून गेला. हसून हसून खाली बसला. "मामा, फोडणी दिली का तुम्ही? करडीचं तेल तापलं का चिक्की होती त्याची. पहिला रंग कमी व्हता का?"

मेव्हणा दोन दिवस आला न्हाई. धोतराची लाज असंल.

ते दोन दिवस मी एकटा खाली पडून हॅक्सॉचं पातं घेऊन खरडत बसलो. घाई करायची न्हाई असं ठरवलं. कारखान्यात मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, लोखंडाशी भांडायचं न्हाई, ते तापंल तवर थांबायचं. मागच्या टोकापासून खरडत पुढं आलो. टोकाचा रंग बराचसा जळून काळा झालेला. पण पत्र्याच्या आडोशाला, जिथं धग कमी, तिथं रंग जिता होता. लाल. पात्यानं कड उचलली तर त्याच्या खाली दुसरा थर, तोही लाल. मंग तिसरा. तिचा हात सारवणाचा, एकसारखा. एक थेंब ओघळलेला न्हाई.

पुढं सरकत गेलो अन् लाल संपला. सरळ रेष मारल्यावानी संपला. तिथून सेन्सर एक वीत लांब. त्या वितभर जागेत अन् सेन्सरवर जो रंग होता तो हिरवा होता. जाड. थेंबाथेंबानं ओघळून वाळलेला.

मी पातं खाली ठेवलं.

हिरवा रंग मागच्या साली आणला होता. लाल मिळाला न्हाई बाजारात, अन् जुन्या लालावर हिरवा चढवू दिला न्हाई तिनं. अन् मागच्या साली तिला खाली बसता येत नव्हतं. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, हातात धांडा घेऊन, अन् गाडीखाली मी होतो. माझ्या पायावर धांडा मारून सांगत होती. "आजून आत."

"आत कुठं? दिसना मला."

"माझा हात दरसाली तिथंच थांबतो, मला मालूम हाय. त्याच्या म्होरं एक खुंटी हाय, ती उघडी राहती. बैलाचं एक शिंग रंगवून एक तसंच ठेवतेत का?"

मी म्हणालो, "हो बाई, लावतो." अन् चिंधी डब्यात बुडवून त्या खुंटीवर दाबून दाबून लावला, आट्यापासून वायरीपर्यंत, एकदाचं हिचं समाधान होऊ दे म्हणून. वर आल्यावर तिनं विचारलं, "लावला?" मी म्हणालो, "नाकातोंडात जाईस्तोवर लावला." ती हसली. दम लागेपर्यंत हसली.

तिचा हात कधी सेन्सरपर्यंत पोचलाच नव्हता. त्याचं नाक मी बंद केलं होतं. अन् गॅरेजवाल्याला सांगून आलो बायकोनं, पोराला सांगितलं तुझ्या आईनं. खोटं बोलायचं म्हणून न्हाई बोललो. तोंडातून तेच आलं, अन् मला ते खरंच वाटत होतं. मेलेलं माणूस उलटून बोलत न्हाई, म्हणून आपण त्याच्या नावावर काहीबी टाकतो. जिती असती तर म्हणाली असती, "व्हय का? अन् तुमचे हात काय गहाण टाकल्ते?"

बराच वेळ मी तसाच पडून राहिलो. गाडीखाली रडलं तर कुणाला दिसत न्हाई, एवढा एक फायदा आहे.

तिसऱ्या दिवशी मेव्हणा आला. पॅन्ट घालून आला. आयुष्यात पहिल्यांदा. मी काही बोललो न्हाई, निस्तं पाहिलं.

"काही बोलायचं न्हाई दाजी."

"मी कुठं बोललो?"

"डोळे बोलायलेत तुमचे."

पोळा चार दिवसांवर आलेला. खरडून खरडून सेन्सर उघडा केला होता, आट्याच्या कडेची चिक्कीही काढली होती. इंजन पंधरा मिनिटं चालू ठेवलं, बंद केलं, हातात गोणपाट गुंडाळलं, पाना लावला. पान्याच्या दांड्यात हातपंपाचा जुना पाइप घातला, म्हणजे जोर जास्ती लागतो. सगळं अंग टाकलं. न्हाई. मेव्हणा बाहेरून डोकं घालून पाहत होता.

"दाजी, उलटा लावा."

"काय उलटा?"

"आधी घट्ट करा."

"येडा का खुळा? निघंना अन् घट्ट कुठं करू?"

"अक्का काय करायची? शिंगाच्या टोकाची पितळी शेंबी अडकली म्हणजे आमचे बापू ओढ ओढ ओढायचे, बैल मान हलवायचा. अक्का एवढीशी पोरगी, म्हणायची, बापू, आधी आत दाबा. आत दाबून जराशी फिरवायची, मंग बाहेर. लोणच्याच्या बरणीलाबी तेच. तुम्ही एवढं आयुष्य तिच्या हातचं लोणचं खाल्लं अन् झाकण कसं काढती ते पाहिलं न्हाई?"

न्हाई पाहिलं. खोटं कशाला बोलू. मी बरणी पुढं आल्यावर पाहत होतो.

पाना उलटा फिरवला. घट्ट करायच्या बाजूनं, हलकेच. एकदम आतून कट् असा बारीक आवाज आला. मला वाटलं, तुटला. मेव्हण्यालाही वाटलं, त्यानं डोळे मिटले. मंग सोडायच्या बाजूनं फिरवलं तर सेन्सर केसभर हलला. पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. फवारा, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. घाई केली न्हाई. बैलाला घाटावरून उतरवतात तसं, एक पाऊल पुढं, जरा मागं. गाडी गार झाली की पुन्हा चालू करायची. दुपारपर्यंत तो निघाला. आटे शाबूत. हातात घेतला तर टोकाला काजळी अन् अंगाला हिरवा रंग.

मेव्हणा म्हणाला, "एवढ्यासाठी माझं धोतर गेलं?"

"तुझी अक्का वरून हसत असंल."

"हसू द्या," तो म्हणाला अन् तोंड दुसरीकडं केलं.

नव्याच्या आट्याला गॅरेजवाल्यानं दिलेला तांब्याच्या रंगाचा मलम लावला, टोकाला लागू न देता, अन् बसवला. त्यानं डबी लावून दिवा पुसला. जाफराबादपर्यंत गाडी नेली अन् परत आणली. दिवा लागला न्हाई. धुराचा कागद मिळाला. त्या कागदावर किती बारीक आकडे असतात, मला काही वाचता आले न्हाईत. तपासणाऱ्यानं "झालं बाबा" म्हटलं, तेवढं कळलं.

गॅरेजवाल्याचा पाना परत द्यायला गेलो तेव्हा सांगितलं, "रंग बायकोनं न्हाई लावला. मी लावला." तो म्हणाला, "मामा, मला काय फरक पडतो?" मी म्हणालो, "तुला न्हाई पडत."

पोळ्याच्या दिवशी पोरगा आला. आल्या आल्या त्यानं चावी फिरवून काट्यांकडं पाहिलं. सगळे दिवे लागले अन् एक एक करून विझले. पिवळाही विझला. गाडी धुतलेली होती. आदल्या सांजेला हळद-तूप मीच चोळलं होतं. आवतन माझ्या तोंडून निघालं न्हाई, ते मेव्हण्यानं दिलं.

मी डबा अन् धांडा घेऊन मागं बसलो. लाल मिळाला होता ह्या वर्षी. पण पहिलाच ठिपका बंपरवर पडला. पोरगा उभा राहून पाहत होता. त्याच्याकडं न पाहता मी म्हणालो, "तुला फोनवर एक गोष्ट चूक सांगितली. तो सेन्सर तुझ्या आईनं न्हाई रंगवला. तिचा हात तिथवर कधी गेलाच न्हाई. मी रंगवला. ती निस्ती खुर्चीवर बसून सांगत होती."

"मंग तिनंच सांगितलं ना?"

"सांगितलं तिनं. लावला मी."

तो खाली बसला. माझ्या हातातून धांडा घेतला. त्याच्या आईसारखाच हात, एकसारखा चालतो. टोक लाल झालं. मंग त्यानं वाकून गाडीखाली पाहिलं, आणखी पुढं लावावा का म्हणून.

मी त्याचं मनगट धरलं. "बाहेरून लाव. आत न्हाई. तिथं त्याला हवा लागती."